कुंपणावरच्या शिडीचा केशरी बाण

जुनी आहे मी, मित्रांनो, आणि आताशा थोडी चिडकीही झाले आहे. म्हणून आधीच सांगते, माझी गोष्ट गोड नाही. तिच्यात भांडणेच फार आहेत. पण भांडणातूनही शिकण्यासारखे असते, तेव्हा मांडी घालून बसा आणि ऐका.

मी एक लाकडी शिडी आहे. माळ्यावर चढायला भिंतीला टेकवतात ती नव्हे. मी एका दगडी कुंपणावर कायमची बसवलेली आहे. दोन पायऱ्या अलीकडे, दोन पलीकडे आणि मध्ये कुंपणाच्या माथ्यावर एक रुंद फळी. माणूस अलीकडून चढतो, फळीवर पाय ठेवतो आणि पलीकडे उतरतो. मेंढी मात्र अलीकडची अलीकडेच राहते. एवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

वेस्ट विंडसरहून मोटारीने पाऊण तास आले की बुटक्या, हिरव्या टेकड्या सुरू होतात. त्यांतली एक विल्फ्रेडची. विल्फ्रेड इंग्लंडातल्या एका खेड्यातून तरुणपणी न्यू जर्सीत आला आणि सुतारकी करता करता त्याने ही टेकडी आणि थोड्या मेंढ्या घेतल्या. त्याच्या गावाकडे म्हणे कोणाच्याही कुरणातून पाऊलवाट जायची आणि कुंपणाकुंपणावर माझ्यासारखी शिडी असायची. इथे तसा रिवाज नाही. इथे जमीन ज्याची, वाटही त्याचीच. तरीही विल्फ्रेडने १९६८च्या शरद ऋतूत ओकच्या लाकडाची मला घडवली आणि रस्त्याकडच्या कुंपणावर बसवली. त्याची लहान मुलगी डोरीन खिळे धरून उभी होती.

"फाटकच लाव ना, डॅडी," ती म्हणाली.

"फाटक लोक उघडं टाकून जातात. शिडी कोणाला उघडी टाकता येत नाही," विल्फ्रेड म्हणाला.

तेव्हापासून माझ्यावरून किती पाय गेले, मी मोजले नाहीत. शाळेच्या सहली गेल्या, कुत्री गेली, एकदा पांढऱ्या झग्यातली नवरी दोन्ही हातांनी झगा उचलून गेली. पलीकडे उतरले की वाट डावीकडे वळून माथ्यावर जाते. तिथे एक सपाट कातळ आहे. त्यावर उभे राहिले की खाली कुरणांचे चौकोन, दगडी कुंपणांच्या रेघा, चर्चचा पांढरा सुळका आणि लांबवर नदीची चमक दिसते. गावच्या वर्तमानपत्रात त्या देखाव्याचा फोटो आला होता आणि त्यात कोपऱ्यात मीही होते. दर ऑक्टोबरात विल्फ्रेड जुन्या पायमोज्याच्या बोळ्याने मला जवसाचे तेल पाजायचा. मित्रांनो, लाकूड मेल्यावरही त्याला तहान लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

२००२ साली विल्फ्रेड गेला. त्या वसंतात एका सकाळी डोरीन हातात पत्र्याचा डबा घेऊन माझ्यावरून वर गेली आणि तासाभराने उतरली तेव्हा डबा हलका होता. कशाला गेली होती, ते मला तेव्हा कळले नाही.

डोरीन आता पन्नाशीला टेकलेली, एकटी, मेंढ्यांच्या मागे दिवसभर धावणारी बाई होती. वाटसरूंचा तिला मनस्वी तिटकारा. कोणाच्या कुत्र्याने तिचे कोकरू मारले, कोणी बाटल्या फोडल्या. तिने एक पाटी लावली, मग दुसरी, मग तिसरी. हे करू नका, ते करू नका. आत गेल्यावर वाटेला फाटा फुटतो, डावा कातळाकडे आणि उजवा थेट तिच्या अंगणात. तिथे विल्फ्रेडने लावलेली दिशेची पाटी वाऱ्याने पडली, तर डोरीनने ती पडू दिली. मलाही तेल मिळेना. एक ऑक्टोबर गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. माझ्या फळीला भेगा पडल्या.

अशा दिवसांत, २००५च्या जूनमध्ये, जगन्नाथ गुरुजी माझ्यावर पहिल्यांदा चढले.

मला मराठी कशी कळते, असे तुम्ही विचाराल. ज्याच्यावर बसून लोक बुटांचे बंद बांधतात आणि गप्पा मारतात, त्याला हळूहळू सगळ्या भाषा कळू लागतात.

गुरुजी जुन्नरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे, प्रसादकडे, आले होते. प्रसाद वेस्ट विंडसरला राहून एका प्रयोगशाळेत काम करायचा. त्याची मुलगी अबोली नऊ वर्षांची. घरी ती आजोबांशी बोलायचीच नाही. आजोबा मराठीत विचारत, ती 'फाइन' म्हणून जिना चढून जाई. पण रविवारी टेकडीवर आली की तिचे तोंड उघडायचे. आजोबा कातळावर बसून तिला देखावा कसा काढायचा ते शिकवत आणि ती अर्धे इंग्रजी, अर्धे मराठी बडबडत असे. परतताना एकदा दोघे माझ्यावर विसावले होते, तेव्हा गुरुजी मुलाला म्हणाले, "प्रसाद, मला तुझी अमेरिका दाखवू नकोस. मला फक्त रविवारी इथे आणत जा. पोरगी माझ्याशी इथेच बोलते रे."

हळूहळू प्रसादच्या ओळखीची आणखी तीन मराठी कुटुंबे येऊ लागली. कातळावर चटया पसरायच्या, चिवडा निघायचा, पत्ते निघायचे. हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा आणि डोरीनच्या घरापर्यंतही जायचा. ती खिडकी आपटून बंद करायची.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दाट धुके होते. सगळी मंडळी माझ्यावरून उतरली आणि फाट्यावर चुकली. उजवीकडे वळून ती थेट डोरीनच्या अंगणात पोहोचली. कोणीतरी वाट समजून मेंढवाड्याचे फाटक उघडले. पुढचे मी डोळ्यांनी पाहिले, कारण मेंढ्या धावत माझ्याकडेच आल्या आणि त्यांच्यामागे डोरीन.

"वाचता येत नाही तुम्हाला?" ती ओरडली. "पाट्या काय झाडांसाठी लावल्यात?"

"सॉरी, मॅम. रिअली सॉरी. धुक्यात दिसलं नाही," प्रसाद म्हणाला. त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता.

"धुक्यात घरी बसावं. आणखी एकदा माझ्या अंगणात कोणाचं पाऊल पडलं, की ही वाट बंद. कायमची. आणि ही शिडी सरपणात."

गुरुजींना तिचे इंग्रजी कळले नाही. त्यांनी अबोलीला विचारले, "काय म्हणाली गं?"

"वन मोर टाइम, अँड नो मोर हिल," अबोली म्हणाली. तिने आजोबांचा हात धरला. "आजोबा, मग आपण कुठे ड्रॉइंग करणार?"

गुरुजींनी फाट्याकडे बराच वेळ पाहिले. मला वाटते, त्यांनी तिथेच ठरवले.

पुढच्या गुरुवारी भर दुपारी एक जुनी निळी गाडी रस्त्याकडेला थांबली. सौमित्र नावाचा, मूळ पुण्याचा, विद्यापीठात पीएचडी करणारा मुलगा ती चालवत होता. तो प्रसादकडे अधूनमधून जेवायला यायचा. त्याच्यामागून गुरुजी उतरले. त्यांच्या हातात केशरी ऑइलपेंटचा डबा आणि दोन ब्रश होते.

"काका, हे लीगल आहे ना?" सौमित्र म्हणाला. "म्हणजे माझा स्टुडंट व्हिसा आहे यार. मला वाटलं तुम्ही चित्र काढायला येताय."

"चित्रच काढायचंय. बाणाचं."

"पण परमिशन?"

"अरे, वाट दाखवायला कसली परवानगी?" गुरुजी माझ्या पायरीवर टेकले आणि डब्याचे झाकण उघडू लागले. "हडसरच्या गडावर माझा एक विद्यार्थी धुक्यात चुकला होता. सातवीतला. सकाळी सापडला तेव्हा पाय मोडला होता आणि गारठून बोलता येत नव्हतं. त्या वर्षापासून मी सुट्टीत गडांवर बाण रंगवत आलो. आता त्या मुलखात पोर चुकत नाही. इथेही कोणी चुकणार नाही. त्या बाईच्या अंगणात कोणी गेलंच नाही, तर ती ओरडेल कशाला?"

मित्रांनो, या माणसाच्या मनात खोट नव्हती. डोरीनचा त्रास मिटावा म्हणूनच तो आला होता. फक्त डोरीनला विचारायचे त्याला सुचले नाही. जिथे तो वाढला, तिथे गडाचे कातळ सगळ्यांचे असतात. बाण रंगवणाऱ्याला लोक दुवा देतात.

सौमित्र माझ्या खालच्या पायरीवर बसून परीक्षेचे पुस्तक वाचत राहिला. गुरुजींनी एकतीस बाण काढले. कुंपणाच्या दगडांवर, फाट्यावरच्या धोंड्यांवर, वाटेतल्या खडकांवर. चित्रकलेच्या मास्तरांचा हात, एकही रेघ वाकडी नाही. माथ्यावरच्या कातळावर शेवटचा बाण काढून त्यांनी त्याच्यापुढे एक सुंदर डोळा रेखला, म्हणजे इथे थांबा आणि पाहा. सगळ्यांत पहिला बाण मात्र माझ्या फळीवर काढला होता, टेकडीकडे तोंड करून. खरे सांगू? मी खूश झाले. तीन वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे नीट पाहिले होते. आणि मी इतकी तहानलेली होते की तो रंग मी तेलासारखा पिऊन टाकला.

रविवारी प्रसाद, गुरुजी आणि अबोली आले, तेव्हा डोरीन माझ्याजवळच उभी होती. तिच्या पायाशी काटेरी तारेचे भेंडोळे होते आणि हातात करवत. माझ्या अलीकडच्या डाव्या खांबात करवत दोन बोटे आत शिरली होती. ती जखम अजून आहे.

"हे कोणी केलं?" तिने करवतीच्या टोकाने बाण दाखवला.

प्रसादने बाणाकडे पाहिले, मग वडिलांकडे. त्याचा चेहरा पडला. "बाबा? हे तुम्ही?"

"हो. गुरुवारी आलो होतो सौमित्रबरोबर. आता कोणी चुकणार नाही."

"बाबा, ही तिची प्रॉपर्टी आहे! हे जुन्नर नाहीये. इथे याला व्हँडलिझम म्हणतात, पोलीस येतात! मला विचारायचं तरी. तुम्ही कधी विचारताच नाही. लहानपणापासून बघतोय, तुम्हाला योग्य वाटलं की झालं!"

"ओरडू नकोस. लोक बघताहेत."

"लोक? इथे ती एकटीच आहे, आणि तिच्या हातात करवत आहे!"

डोरीन अबोलीकडे वळली. "मुली, तुला दोन्ही भाषा येतात ना? मग त्याला विचार, त्याच्या देशात दुसऱ्याच्या भिंती न विचारता रंगवतात का?"

"आजोबा, ती विचारते, इंडियात दुसऱ्यांच्या वॉल्स न विचारता पेंट करतात का?"

गुरुजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "सांग तिला, करतात. निवडणुकीला तर फारच."

"बाबा!" प्रसादने कपाळाला हात लावला.

"आणि सांग की मी तिच्याच भल्यासाठी केलं."

अबोलीने सांगितले. डोरीनचे डोळे बारीक झाले. "माझं भलं करायचं तर मला विचारून करायचं. हे दगड दोनशे वर्षं कोणी रंगवले नव्हते. आणि तो शेवटचा? कातळावरचा? तिथून पुढे वाटच नाही. तिथे कशाला रंग फासला?" तिने माथ्याकडे हात केला. "त्या कातळावर माझे वडील आहेत. मीच त्यांना तिथे ठेवलं. त्यांची राख. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बघायला गर्दी झाली असती. आणि तुम्ही दर रविवारी त्यांच्यावर बसून खाता, हसता. आता तर डोळा काढलात."

तेव्हा मला तो पत्र्याचा डबा आठवला.

"काय म्हणते?" गुरुजींनी विचारले.

अबोलीला शब्द सापडेना. "आजोबा, ते... माणूस बर्न झाल्यावर उरतं ना, ते. तिच्या बाबांचं. वरच्या आपल्या दगडावर."

गुरुजींचा हात माझ्या खांबावर आला. "राख," ते हळूच म्हणाले. "पोरी, समाधी आहे ती. समाधीवर बसून आपण पत्ते कुटले."

ते माझ्या खालच्या पायरीवर बसले आणि बुटांचे बंद सोडू लागले. मग मोजेही काढले. गवतावर दव होते.

"बाबा, बूट घाला, थंडी आहे," प्रसाद म्हणाला. गुरुजींनी ऐकले नाही.

"हा काय करतोय?" डोरीनने विचारले.

"माहीत नाही," अबोली म्हणाली. "आम्ही देवळात जाताना असं करतो."

तुम्हाला वाटेल, आता डोरीन विरघळली. नाही, मित्रांनो. दुखावलेले माणूस इतक्या लवकर विरघळत नाही. तिने करवत खाली ठेवली, एवढेच. "एकतीस आहेत. मी मोजलेत," ती म्हणाली. "सगळे घासून काढायचे. तारेचा ब्रश, वाळू आणि पाणी. रसायन नको, माझ्या मेंढ्या तिथे चरतात. एकही राहिला, तर गुरुवारी इथे उभ्या असलेल्या निळ्या गाडीचा नंबर पोलिसांकडे जाईल."

त्या दिवशी गुरुजींनी खाली मान घालून "हो" म्हटले. निळ्या गाडीचा मालक मात्र पुढचे दीड महिने प्रसादला फोन करून विचारत राहिला, "काका घासताहेत ना नीट?"

त्यानंतर सहा शनिवार गुरुजी आले. बूट माझ्या खालच्या पायरीवर काढून ठेवायचे आणि अनवाणी वर जायचे. अबोली दुभाषी म्हणून सोबत असायची. प्रसाद रस्त्यावर गाडीच्या काचा वर करून बसायचा. डोरीन कुंपणावर बसून पहारा द्यायची.

"अजून केशरी दिसतंय," ती म्हणायची.

"आजोबा, अजून ऑरेंज दिसतंय म्हणे."

"तिला म्हणावं, चष्मा पूस." अबोलीने हे मात्र इंग्रजीत सांगितले नाही.

एकदा घासता घासता दगडावरचे राखाडी, पापुद्र्यासारखे काहीतरी सुटून आले. डोरीन धावली. "ते वाचव! ते इंचभर वाढायला माझा अर्धा जन्म जातो!"

गुरुजींनी तो पापुद्रा तळहातावर घेतला, नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा बदलला. "अगं, हे तर दगडफुलासारखं! आजीच्या गोड्या मसाल्यात असतं ते."

अबोलीने आनंदाने भाषांतर केले, "ते म्हणतात, आमच्याकडे हे जेवणात घालतात."

डोरीनने गुरुजींकडे बोट दाखवले. "तो माझे दगड रंगवतो, आणि आता खाणार?"

अबोली इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. डोरीन हसली नाही. पण त्या दिवशी ती "केशरी दिसतंय" असे पुन्हा म्हणाली नाही.

त्या शनिवारांत आणखी एक झाले. गुरुजी घासताना अबोलीला विचारत राहायचे, याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. भाषांतर करून करून पोरीचे मराठी सुटत चालले. टेकडी गमावू नये म्हणून गुरुजींनी रंगाचा डबा उघडला होता. टेकडी हातची चाललीच होती, पण पोरगी आता गाडीतसुद्धा त्यांच्याशी बोलू लागली होती.

शेवटच्या शनिवारी वर टेकडीवर फक्त कातळावरचा डोळा उरला. पाणी कमी पडले. तेव्हा गाडीचे दार उघडले आणि प्रसाद दोन बादल्या घेऊन माझ्यावरून चढला. बाप घासत राहिला, लेक पाणी ओतत राहिला. कातळ स्वच्छ झाल्यावर गुरुजींनी खिशातून एक पिवळे रानफूल काढून तिथे ठेवले.

"तिथे काही ठेवायचं नाही," डोरीन म्हणाली.

गुरुजींनी फूल उचलून परत खिशात टाकले.

मग ती सगळ्यांना घेऊन माझ्यापाशी आली. तीस बाण गेले होते. एकतिसावा माझ्यावरचा. गुरुजींनी तो घासला, पुन्हा घासला, माझे सालटे निघाले, पण रंग निघेना. तो माझ्या आत भिनला होता. गुरुजींनी भेगांवरून बोट फिरवले. "हिला कोणी तेल पाजलं नाही गं," ते अबोलीला म्हणाले. "तहानलेल्या लाकडाने रंग पिऊन टाकला."

अबोलीने ते डोरीनला सांगितले. डोरीनचा चेहरा एकदम लाल झाला. वाटले, आता ती करवत आणणार. तिने आणला पाना. माझ्या फळीचे चार बोल्ट सोडवले, फळी उचलली, टोकाकडून टोकाकडे फिरवली आणि पुन्हा घट्ट आवळली. आता बाण टेकडीकडे नव्हता. तो रस्त्याकडे होता.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "वाट तिकडे आहे."

"म्हणजे वाट बंदच?" प्रसादने विचारले. "सगळं घासून दिलं तरी?"

"पोलिसांना सांगणार नाही, एवढंच म्हटलं होतं मी."

तिने माझ्याभोवती काटेरी तार गुंडाळली. गुरुजींनी तिला हात जोडले. तिने पाठ फिरवली. डिसेंबरात गुरुजी जुन्नरला परतले.

मग वाईट दिवस आले, मित्रांनो. २००६ गेले, २००७ गेले. माझ्यावर पाय पडेना. तारेचे काटे माझ्या अंगात रुतले, पायऱ्यांखाली वाळवी शिरली. गाड्या थांबत, लोक पाटी वाचत, माझा केशरी बाण त्यांना 'निघा' म्हणे आणि ते निघत. ज्या शिडीचा जन्म लोकांना पलीकडे न्यायला झाला, तिने लोकांना हाकलावे, याहून मोठी शिक्षा कोणती?

२००८च्या ऑक्टोबरात एक गाडी थांबली. प्रसाद आत बसून राहिला. बारा वर्षांची एक उंच मुलगी उतरली, तिच्या हातात एक डबा आणि जुना पायमोजा होता. मी तिला चालीवरून ओळखले.

डोरीन कुरणातून ओरडत आली. "वाट बंद आहे!"

"माहीत आहे," अबोली म्हणाली. "मी ओलांडत नाहीये. फक्त या दोन पायऱ्यांना तेल लावतेय. रस्त्याकडच्या."

"कोणी सांगितलं?"

"माझ्या आजोबांनी. त्यांना आता चालता येत नाही. फोनवर दर वेळी विचारतात, त्या शिडीला कोणी तेल पाजलं का." ती थांबली. "ते म्हणाले, या वेळी आधी विचार. मग हात लाव. लावू का?"

डोरीनने डब्याकडे पाहिले. वारा सुटला होता. मग ती तुसडेपणाने म्हणाली, "कुठलं तेल आहे?"

"जवसाचं."

"पातळ लाव. थापू नकोस." आणि ती निघून गेली.

अबोलीने काट्यांतून हात घालून रस्त्याकडच्या माझ्या दोन्ही पायऱ्यांना तेल पाजले, करवतीच्या जखमेतही बोळा फिरवला. बोटाला काटा लागला, तर बोट चोखून पुन्हा कामाला लागली. सात वर्षांनी माझी तहान अर्धी भागली. जाताना ती मला हळूच म्हणाली, "बाकीचं माझ्या हातात नाही गं." मराठीत म्हणाली.

चार दिवसांनी, सकाळी, डोरीन आली. तिच्याजवळ विल्फ्रेडचा जुना तेलाचा डबा होता, तळाला गंज चढलेला. पलीकडच्या पायऱ्यांना तेल लावायला तार आड येत होती. तिने शिव्या देत तार सोडवली, गुंडाळी केली आणि खांबाला अडकवली. मग दोन्ही पायऱ्यांना आणि फळीला तेल पाजले. बाणावरून बोळा फिरवताना तिचा हात थोडा थांबला. फळी तिने फिरवली नाही.

काम संपल्यावर ती घरी गेली. तार खांबालाच राहिली. त्याला आता तीन आठवडे झाले. विसरली असेल, की राहू दिली असेल? मला माहीत नाही. 'वाट बंद' ही पाटी अजून आहे आणि बाण अजून रस्त्याकडे तोंड करून आहे. पण पायऱ्या चारही ओल्या, मऊ झाल्या आहेत. एका बाजूचे तेल एका हाताचे, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या हाताचे, आणि ते दोन हात एकमेकांना अजून भेटलेले नाहीत.

मित्रांनो, तुम्ही टेकड्यांवर जाल तेव्हा चांगल्या मनानेच जाल, हे मला ठाऊक आहे. पण नुसते चांगले मन पुरत नाही. ज्या दगडावर बसाल, तो कोणाचा आणि कशाचा आहे, हे आधी विचारा. खूण ठेवावीशी वाटली, तरी विचारा. आणि वाटेत माझ्यासारखी एखादी जुनी शिडी, एखादे बाक, एखादी पाटी दिसली, तर तिच्या भेगांवरून एकदा बोट फिरवून पाहा. तहानलेली असली, तर तिच्या मालकाला सांगा. मालक ओरडेल कदाचित. ओरडू द्या. तेलाचा डबा मात्र जवळ असू द्या.

गुरुजींना कोणीतरी फोनवर कळवा, की शिडीला तेल मिळाले. चारही पायऱ्यांना.